दप्तर आणि परवाना

डेटाबेसचा परवाना हा काही वसंतातल्या संध्याकाळी ऐकावयाचा विषय नव्हे, असे पुष्कळांस वाटेल. यंत्र अडले तर यंत्र दुरुस्त करणाऱ्यास बोलवावे, त्यासाठी सभेत येऊन बसण्याचे काय कारण, असा प्रश्न एका स्नेह्यांनी आम्हांस व्याख्यानापूर्वीच विचारला होता. त्यांना जे उत्तर दिले तेच येथे थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे. आज आपल्या सोसायटीतले खाते, डेअरीवर घातलेल्या दुधाचे माप, मुलांचे शाळेतले दाखले ही सर्व कोठल्या ना कोठल्या डेटाबेसात असतात. आपल्या राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हापासून शेताचा उतारासुद्धा डेटाबेसातून निघतो. ही दप्तरे चालविणारे अनेक प्रोग्रॅम परवान्यावर चालतात, आणि एखाद्या सकाळी तो परवाना चालेनासा झाला म्हणजे खोळंबा होतो तो दारात उभ्या असलेल्या माणसाचा. म्हणून परवाना म्हणजे काय, तो चालू कसा होतो आणि बिघडला तर काय करावे, एवढे तरी संस्थेच्या प्रत्येक सभासदास माहीत असावे.

बारामती तालुक्याच्या जिरायत भागात लोणी भापकर हे गाव आहे. तेथील मल्लिकार्जुनाचे जुने देऊळ, पुष्करिणी आणि यज्ञवराहाची मूर्ती पाहावयास लोक लांबून येतात. काही वर्षांपूर्वी मार्चच्या अखेरीस आम्हीही त्यासाठीच तेथे गेलो होतो. सोसायट्यांचे संगणकीकरण सरकारी योजनेतून होण्याच्या आधीची ही गोष्ट. पुष्करिणीच्या पायऱ्यांवर टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. तालुक्यातल्याच एका सोसायटीच्या सचिवांचा तो फोन होता. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. लहान संस्थांच्या संगणकांची देखभाल आम्ही करतो हे त्यांना कोणाकडून तरी कळले होते.

"साहेब, काल संध्याकाळपर्यंत सगळं नीट होतं. आज सकाळपासून खातंच उघडत नाही. सर्व्हर सापडत नाही म्हणतंय. ज्यानं मशीन बसवलं तो म्हणतो वायर बघा. वायर तर तीनदा काढून घातली. दारात तीस माणसं उभी आहेत, त्यांना काय सांगू?"

त्या तीस माणसांची अडचण खरी होती. मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्यास केंद्राच्या योजनेतून व्याजात ३ टक्के सूट मिळते. मुदत टळली की ती गेली, शिवाय खाते थकबाकीत गेल्याने पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. कोणी बाजरी विकून, कोणी शेळ्या विकून पैसे घेऊन आलेला. पैसे खिशात, मुदत उद्या संपणार, आणि खात्यावर बाकी किती हे सांगणारे यंत्र मुके झालेले! आम्ही देवदर्शन आटोपते घेतले आणि तिकडे निघालो.

तेथे काय आढळले ते पुढे येईलच. आधी हे दप्तर आतून कसे असते ते पाहू.

पेशव्यांच्या दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असत. रुमाल म्हणजे कापडाचे गाठोडे. ते सांभाळणारा दप्तरदार, आणि त्याच्याकडे जाऊन अमक्या गावची जमाबंदी काढून द्या म्हणून सांगणारा कारकून. डेटाबेसातही अशीच तीन अंगे असतात. पहिले अंग म्हणजे प्रत्यक्ष नोंदी. त्या संगणकाच्या डिस्कवर फाइलींच्या रूपाने असतात. दुसरे अंग म्हणजे त्या फाइली लावणारा, शोधणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम. हाच डेटाबेस व्यवस्थापक, आपला दप्तरदार. तिसरे अंग म्हणजे सचिवांच्या पडद्यावर दिसणारा कर्जखात्याचा प्रोग्रॅम. तो स्वतः नोंदी सांभाळीत नाही, फक्त दप्तरदाराकडे मागणी करतो. नोंदी कोष्टकांत मांडाव्यात, आणि मागणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे, कोठे ठेवले आहे ते दप्तरदाराने पाहावे, ही रीत एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. आजचे बहुतेक व्यवहारी डेटाबेस त्याच रीतीवर उभे आहेत.

ही तीन अंगे वेगळी ओळखण्याचे कारण असे की तिघांचे धनी वेगळे असतात. नोंदी संस्थेच्या. कर्जखात्याचा प्रोग्रॅम तो लिहिणाऱ्याचा. आणि दप्तरदार बहुधा तिसऱ्याच कंपनीचा. परवाना असतो तो प्रोग्रॅमांना. नोंदींना परवाना लागत नाही. परवाना संपला म्हणजे दप्तरदार काम थांबवतो, रुमाल जळत नाहीत. हे ध्यानात असले म्हणजे निम्मी घाबरगुंडी तेथेच उडते.

आता परवाना म्हणजे काय? नांगर विकत घेतला की तो आपला झाला, त्याने कोणाचेही शेत नांगरावे. प्रोग्रॅमाचे तसे नाही. त्याची नक्कल करण्यास काहीच खर्च येत नाही, म्हणून विकणारा प्रोग्रॅम न विकता वापरण्याची मुभा विकतो. जुन्या सनदेत जसे कोणास, कोणत्या गावी, किती जमीन, वंशपरंपरा की हयातीपुरती हे लिहिलेले असे, तसे परवान्यातही कोणत्या संस्थेस, किती यंत्रांवर, किती माणसांस, किती दिवस आणि कोणत्या कामास हे लिहिलेले असते.

याचे प्रकार पाहावेत. मायक्रोसॉफ्टचा एस्‌क्यूएल सर्व्हर आपल्याकडे लहानमोठ्या कचेऱ्यांत पुष्कळ दिसतो. त्याची पारखून पाहण्याची आवृत्ती १८० दिवस सर्व सोयींसह फुकट चालते आणि मग बंद पडते. त्याचीच एक्स्प्रेस नावाची आवृत्ती कायम फुकट आहे, पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिच्यातला एक डेटाबेस १० गिगाबाइटच्या पुढे वाढू शकत नाही. २०२५ च्या आवृत्तीत ही मर्यादा ५० झाली. डेव्हलपर नावाची तिसरी आवृत्तीही फुकट, मात्र ती प्रोग्रॅम लिहिण्यास व तपासण्यास. तिच्यावर संस्थेचा रोजचा व्यवहार चालविणे हा परवान्याचा भंग होय. ओरॅकलची तऱ्हा निराळी. तेथे मुख्य डेटाबेस बसवताना किल्लीची अक्षरे घालावी लागत नाहीत. बंधन करारात असते, आणि कंपनी पुढे केव्हाही तपासणी मागू शकते. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर मुक्त परवान्याचा, त्यास किल्लीही नाही आणि मुदतही नाही. आपल्या खिशातल्या फोनमध्ये असलेला एस्‌क्यूलाइट तर कर्त्यांनी सार्वजनिक मालकीचाच करून टाकला आहे. तेव्हा परवान्याची अडचण आली असता पहिला प्रश्न हा की आपला दप्तरदार यांतला कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा. आम्ही ज्या ज्या संस्थांत गेलो, त्यांतल्या बहुतेकींना याचे उत्तर देता आले नाही.

परवाना चालू करणे, ज्यास सर्वजण ॲक्टिव्हेशन म्हणतात, त्यात काय घडते तेही पाहू. साधा प्रकार असा की किल्लीची अक्षरे घातली की प्रोग्रॅम त्यावरून आवृत्ती ठरवितो आणि कामास लागतो. दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम आधी यंत्राच्या खुणा गोळा करतो: यंत्राचे नाव, नेटवर्क कार्डाचा क्रमांक, डिस्कचा क्रमांक. या खुणा कंपनीकडे जातात. इंटरनेट असल्यास आपोआप, नसल्यास फाइल करून. कंपनी त्या खुणा, मुदत आणि माणसांची संख्या एका लहान फाइलीत लिहून त्याखाली आपली डिजिटल सही करते.

ही सही समजण्यास आपल्याकडचा जुना दाखला चांगला आहे. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच त्याखाली मोर्तब असे. येथे लेखन संपले, याच्या पुढे कोणी अक्षर वाढविल्यास ते आमचे नव्हे, असा त्या मोर्तबाचा अर्थ. डिजिटल सही याच्याही पुढे जाते. ती सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेली असते, त्यामुळे मधले एक अक्षर, किंवा एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी सही जुळत नाही. ती करण्याची गुप्त किल्ली कंपनीपाशी, आणि ती खरी की खोटी हे ताडण्याची उघड किल्ली प्रोग्रॅमाच्या पोटात. हे गणित १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचा भरवसाही याच तत्त्वावर आहे.

एवढे कळले म्हणजे परवाना का बिघडतो हे आपोआप उमगते. सनदेतले एखादे कलम आणि समोरची वस्तुस्थिती जुळत नाही, एवढाच सर्व बिघाडांचा सारांश असतो. ते कोठे जुळत नाही हे क्रमाने पाहत जावे.

प्रथम निरोप पूर्ण वाचावा आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. पडद्यावर दिसतो तो बहुधा कर्जखात्याच्या प्रोग्रॅमाचा निरोप असतो, आणि त्यास एवढेच कळते की दप्तरदार हाकेस ओ देत नाही. का देत नाही हे दप्तरदाराने स्वतः लिहून ठेवलेले असते. विंडोजच्या यंत्रावर ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडते. वायर तपासण्यापूर्वी तेथे पाहावे.

दुसरे, घड्याळ पाहावे. संगणकाच्या मदरबोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग परवान्यास वाटते की आपला काळ अजून सुरूच झालेला नाही, किंवा कोणी तारखेशी खेळ केला आहे. इंटरनेटवरून खात्री करून घेणेही तारीख चुकली असता फसते. थोड्या पैशांची बॅटरी बदलून पुष्कळ संस्थांचे 'लायसन' दुरुस्त झालेले आम्ही पाहिले आहे.

तिसरे, यंत्रात काही बदल झाला काय ते विचारावे. नवी डिस्क, नवे नेटवर्क कार्ड, यंत्राचे बदललेले नाव, यांपैकी काहीही झाले की खुणा जुळत नाहीत. अशा वेळी जुन्या यंत्रावरचा परवाना कंपनीस परत करून नव्यावर घ्यावा लागतो. जुने यंत्र भंगारात घालण्यापूर्वी हे करावे, नाहीतर मागाहून पत्रव्यवहारात आठवडे जातात. जुन्या काळी वतनदार वारला की वारसास नजराणा भरून सनद नवी करून घ्यावी लागे, तसलाच हा प्रकार.

चौथे, किल्ली आणि फाइल तपासावी. शून्य आणि ओ या अक्षरात गोंधळ होतो. अक्षरे ईमेलमधून उचलताना मागे एक मोकळी जागा चिकटून येते. २०१६ च्या आवृत्तीची किल्ली २०२२ ला लागत नाही. परवान्याची फाइल उघडून कोणी 'नीट' करून ठेवली असेल तर वर सांगितलेले मोर्तब मोडते. मूळ फाइल पुन्हा आणावी हा त्यावर एकच उपाय. कधीकधी संगणकाचे विषाणूरोधक सॉफ्टवेअरच ती फाइल संशयाने बाजूस काढून ठेवते.

पाचवे, काही मोठ्या प्रोग्रॅमांचे परवाने एका मधल्या यंत्रावर ठेवलेले असतात आणि इतर यंत्रे तेथून ते मागून घेतात. ते मधले यंत्र बंद असेल, त्याचा नेटवर्कातला पत्ता बदलला असेल, किंवा फायरवॉलने त्याचे दार लावून घेतले असेल, तर सर्व यंत्रे एकदम अडतात. उलट परवाना पाच माणसांचा असून सहावा अडत असेल, तर आधीचे कोणी काम न मिटविता उठून गेले आहे काय ते पाहावे.

सहावे, अडचण परवान्याच्या नावाने आली तरी ती जागेचीच असू शकते. एक्स्प्रेस आवृत्तीत डेटाबेस १० गिगाबाइटला टेकला की १८२७ क्रमांकाचा दोष येतो आणि त्यातले इंग्रजी शब्द परवान्याच्या मर्यादेविषयी असतात. ते वाचून लोक किल्ली शोधत बसतात. खरे काम असते ते जुनी वर्षे वेगळी काढण्याचे, किंवा मोठी आवृत्ती विकत घेण्याचे.

आता काय करू नये तेही सांगितले पाहिजे. मुदत संपली म्हणून यंत्राची तारीख मागे नेऊ नये. त्या दिवशीच्या सर्व नोंदी खोट्या तारखेने पडतात आणि लेखापरीक्षणात त्याचा जाब संस्थेस द्यावा लागतो. नोंदींची नक्कल घेतल्यावाचून प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवू नये. आणि इंटरनेटवरून फुकटची चोरटी किल्ली आणू नये. तिच्याबरोबर काय आत येते ते सांगता येत नाही. नोंदी कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम याच वाटेने येतात. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम संरक्षित कृती मानलेला आहे, आणि त्याची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कलम ६३ ब अन्वये किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वा व्यापारात वापर झाला नसल्यास न्यायालय कैद माफ करू शकते, पण सहकारी संस्थेच्या सचिवाने त्या आशेवर का राहावे?

आता त्या सोसायटीकडे वळू. आम्ही पोहोचलो तो सचिवांनी एक शहाणपण आधीच केले होते. पंधरा दिवसांपूर्वी छापून ठेवलेली येणे बाकीची यादी त्यांनी कपाटातून काढली, त्यावरून दिवसांचे व्याज हाताने मांडले, आणि जुन्या पावती पुस्तकातून पावत्या फाडण्यास आरंभ केला. जमलेली रक्कम त्याच दिवशी चलनाने बँकेत गेली. एका म्हाताऱ्या सभासदाने पावती उजेडात धरून पाहिली आणि म्हटले, "ही बरी. ही वीज गेली तरी वाचता येते." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

यंत्राचा दोष इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पहिल्याच ओळीत सापडला. बसविणाऱ्याने १८० दिवसांची पारखून पाहण्याची आवृत्ती बसविली होती आणि ती मुदत संपली होती. संस्थेने मात्र पूर्ण प्रोग्रॅमाचे पैसे दिले होते. बिलावर नुसते 'सॉफ्टवेअर' एवढेच लिहिलेले. दोन मार्ग होते. विकत घेतलेली किल्ली घालून तीच आवृत्ती कायमची करून घेणे हा सरळ मार्ग. मुदत संपल्यावरही तो खुला असतो. पण किल्ली येण्यास दिवस लागले असते. म्हणून प्रथम नोंदींच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली. त्या भरल्या ६ गिगाबाइट. मग त्याच सालची एक्स्प्रेस आवृत्ती शेजारी बसवून फाइली तिला जोडल्या. दुपारी चारच्या सुमारास खाती उघडली आणि सकाळच्या हातपावत्या एकेक करून चढविल्या. एकाही सभासदाची मुदत चुकली नाही.

यात एक खोच होती. एक्स्प्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी आपोआप काम करणारा एजंट नसतो. रात्रीची नक्कल आजवर तोच घेत असे. खाती उघडली या आनंदात आम्ही घरी गेलो असतो तर त्या रात्रीपासून नकला बंद पडल्या असत्या, आणि ते कळले असते डिस्क जळाल्यावर. ते काम विंडोजच्या वेळापत्रकावर लावून दिले आणि मगच उठलो.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या योजनेत सर्व संस्थांस एकच सामाईक प्रोग्रॅम आहे, तेव्हा एकेका सचिवास दप्तरदाराची किल्ली शोधण्याचे कारण उरत नाही. परंतु पतसंस्था, डेअऱ्या, शाळा, दवाखाने, दुकाने ही अजून आपापल्या यंत्रांवरच आहेत, आणि त्यांना ही काळजी स्वतःच घ्यावी लागेल.

ती काळजी फार अवघड नाही. बिलावर प्रोग्रॅमाचे नाव, साल, आवृत्ती आणि वापरणाऱ्यांची संख्या लिहवून घ्यावी. परवाना ज्या ईमेलवर नोंदला जातो ती ईमेल संस्थेच्या नावाची असावी, संगणक विकणाऱ्याच्या नावाची नको. तो धंदा सोडून गेला की किल्लीही त्याच्याबरोबर जाते. किल्ली, परवान्याची फाइल आणि डेटाबेसचा मुख्य पासवर्ड एका पाकिटात मोहोरबंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवावा. मुदत असेल तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरात महिनाभर आधीच्या तारखेस लिहावी. रोजची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि वर्षातून एकदा तरी ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. येणे बाकीची यादी महिन्यातून एकदा कागदावर छापावी. वार्षिक सभेत सभासदांनी ताळेबंदाबरोबर या गोष्टीही विचाराव्यात; तो त्यांचा हक्क आहे.

१८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा लोकांच्या सनदा पेशव्यांच्या दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्यांसही कागद काढून दाखवावे लागले, आणि ज्यांना ते दाखवता आले नाहीत त्यांच्या हातची इनामे गेली. कागद कोठे आहे हे वेळेपूर्वी पाहून ठेवण्याची गरज तेव्हा होती तशीच आजही आहे. श्रोत्यांपैकी जे एखाद्या संस्थेचे सभासद असतील त्यांनी उद्या कचेरीत जाऊन एवढेच विचारावे: आपला डेटाबेस कोणता, त्याचा परवाना कोणाच्या नावाने आहे, आणि कालची नक्कल कोठे आहे? तिन्ही उत्तरे तेथल्या तेथे मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास मार्च येण्यापूर्वी ती शोधून ठेवावीत.